टेकू कोणी काढले

१

फिटर मातीखाली गाडला गेला, तेव्हा त्याचा जीव ज्यांनी राखायचा ते चार लोखंडी टेकू वर, चराच्या काठावर, शेजारी शेजारी पडले होते. त्यातला एकही मातीखाली सापडला नाही. भिंतीच्या रेट्याने टेकू निसटले असते तर ते फिटरबरोबरच गाडले गेले असते. म्हणजे ते आधी कोणीतरी काढले होते, आणि फिटर खाली उतरला तेव्हा चराच्या दोन्ही भिंती स्वतःच्याच भरवशावर उभ्या होत्या.

सुरक्षा खात्याच्या तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचल्या. खात्यात त्यांना मागून शंकासूर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चहात साखर घातली आहे असं कोणी सांगितलं तरी ढवळून, चाखून मगच मान डोलवणारी ही बाई. अपघाताच्या जागी पोचलं की पहिल्या तासात जो सगळ्यांत जास्त माहिती पुरवतो त्याच्यावर डोळा ठेवायचा, असा त्यांचा साधा नेम होता.

सांडपाण्याच्या पाइपसाठी खणलेला तो चर उभा माणूस बुडेल इतका खोल होता आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील इतका अरुंद. भिंतींना उभ्या फळ्या लावलेल्या. समोरासमोरच्या फळ्यांच्या मधे टेकू घालायचा, पान्याने त्याचे आटे फिरवून तो लांब करायचा आणि फळ्या मातीवर घट्ट दाबून धरायच्या, अशी रीत. टेकूंची एक ओळ वर, एक खाली. मधला भाग ढासळला होता, दोन्ही टोकांच्या फळ्या अजून उभ्या होत्या, मात्र रस्त्याच्या बाजूच्या टोकात काठावरची माती घसरून भरली होती. अग्निशमनवाल्यांनी फिटरचा देह काल संध्याकाळी काढला. बाकीची माती नव्याने आधार दिल्याशिवाय उकरणार नाही असं त्यांच्या प्रमुखाने ठणकावलं होतं, आणि दोरी बांधून सगळ्यांना लांब ठेवलं होतं.

बाई फाटकातून आत शिरत होत्या तेवढ्यात एक स्त्री आडवी आली. ती रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

"आत मेला तो माझा पाठचा भाऊ," ती म्हणाली. "आणि टेकू काढले म्हणतात तो माझा नवरा. पोलीस काय करायचं ते करतील. मला फक्त खरं सांगा. त्या माणसाबरोबर एका छपराखाली राहायचं की नाही, ते मला ठरवायचंय."

बाईंनी आजवर पुष्कळ नातेवाइकांची तोंडं पाहिली होती. कोणी भरपाई मागे, कोणी फाशी. एवढंच मागणारी ही पहिलीच. 

२

सगळ्यांत जास्त माहिती मुकादमाने पुरवली.

त्याने बाईंना कचेरीच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि डोळे पुसत सुरुवात केली. फिटरला या कामावर त्यानेच आणलेलं. पोरगं मोठं हसतमुख, पण मेहुण्याशी खटके उडायचे. टेकूंच्या जंगलात मला पाइप जोडायला लावता, असं फिटर भाऊजींना चिडवायचा. हा मेहुणा, म्हणजे साइटवरचा सुतार, घुमा, मनात ठेवणारा. आधाराचं सगळं काम त्याच्याकडे, पाना त्याच्या कमरेला. काल जेवणाच्या सुट्टीत गडी शेडमध्ये बसले होते आणि आपण इथे कचेरीत होतो, सुट्टीच्या आधीपासून. खिडकीतून सुतार चराकडे जाताना दिसला. पुढे एकदम आवाज झाला तेव्हाच आपण धावलो.

"मधल्या काळात चराकडे फिरकलाच नाहीत?" बाईंनी विचारलं.

"पाऊलसुद्धा टाकलं नाही. टाकलं असतं तर पोरगं वाचलं असतं." त्याने पुन्हा डोळे पुसले. "आणि बाई, नुसते टेकूच नाहीत. शिडीसुद्धा पार त्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला. शिडी काम करणाऱ्याच्या हाताशी हवी, हे काय मी त्याला शिकवायचं? माणूस पळणार कुठून?"

बाईंनी मान डोलवली. नियम बरोबर होता. तक्रारही रास्त होती.

इंजिनियर साहेबांनी सगळं खापर सुतारावर फोडलं आणि हात झटकले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, दिवसातून एकदा मोटारीतून उतरायचा आणि काम का रेंगाळतंय म्हणून विचारायचा. काल तो आला तेव्हा भिंत पडून गेली होती, हे फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं. मात्र वाटेतून त्याने मुकादमाला फोन केला होता. पाइपची गाडी फाटकावर आली आहे, आधी ती उतरवून घे, असं सांगायला.

चर खणणाऱ्या पोकलेनच्या ऑपरेटरने कानांवर हात ठेवले. आपण शेडमध्ये गड्यांबरोबर पत्ते खेळत होतो, यंत्राची किल्ली आपल्या खिशात होती, यापलीकडे आपल्याला काही ठाऊक नाही. किल्लीबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे बाईंनी ती गोष्ट मनात जपून ठेवली.

शिडी कुठे होती, हे मात्र त्यांनी प्रत्येकाला विचारलं. ऑपरेटर म्हणाला, मधे, फिटरच्या कामापाशी. गडी म्हणाले, मधे. जेवायला वर आलो ते त्याच शिडीने, फिटर सगळ्यांत शेवटी. मुकादम तेवढा एकटा म्हणत होता की टोकाला.

शेवटी सुतार आला. उभाच राहिला. हात मोठे, नखांत माती, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. आपण सुट्टीत फळ्या आणायला मागच्या आवारात गेलो होतो, असं तो म्हणाला. सोबत कोण होतं? कोणी नाही. शिडी? ती मधेच, सकाळी चर तपासून आपणच उभी केलेली. मग टेकू कोणी काढले?



"मी," तो म्हणाला. "लिहून घ्या. मीच काढले."

३

कबुली मिळाली की दुसरा एखादा अधिकारी सही घेऊन घरी गेला असता. शंकासुराची झोप मात्र कबुलीनेच उडते. गुन्हा करणारा माणूस आधी बचाव करतो, मग अडखळतो, मग कबूल होतो. हा गडी बचावाच्या वाटेला गेलाच नाही. शिवाय आधी फळ्या आणायला गेलो होतो म्हणायचं आणि लगेच टेकू काढले म्हणायचं, म्हणजे एक माणूस दोन ठिकाणी.

बाईंनी त्याला कसे काढले ते विचारलं. त्याने रीत घडाघडा सांगितली. घालताना वरून खाली, म्हणजे आपण कायम आधाराखाली असतो. काढताना खालून वर, आणि जसजसे काढू तसतशी माती भरत यायचं.

"मग चरात भरलेली माती कुठे आहे?"



बाई उठून काठावरच्या टेकूंपाशी गेल्या. सुतळीचा एक तुकडा घेऊन त्यांनी चराच्या शाबूत टोकाला, समोरासमोरच्या फळ्यांमधलं अंतर मापलं आणि तीच सुतळी पडलेल्या टेकूवर धरली. अगदी तंतोतंत. दुसऱ्यावर धरली. तिसऱ्यावर, चौथ्यावर. त्या उकिडव्या बसून राहिल्या आणि स्वतःशीच हसल्या, तेव्हा लांबून पाहणाऱ्या ऑपरेटरची पाचावर धारण बसली.

घट्ट बसलेला टेकू माणसाने हाताने काढायचा तर आधी पान्याने आटे फिरवून तो आखूड करावाच लागतो. बोटभर तरी. त्याशिवाय तो फळ्यांतून सुटतच नाही. हे चारही टेकू पुरते लांब होते, जणू अजून फळ्यांच्या मधेच आहेत. काढल्यावर पुन्हा कोणी तेवढेच लांब करून ठेवील, असा उद्योगी माणूस बाईंना आजवर भेटला नव्हता. आणि चारही टेकूंच्या बरोबर मधोमध रंग खरवडला होता, साखळीच्या कड्यांनी खरवडतो तसा.

म्हणजे पाना लागलाच नव्हता. वरून साखळी अडकवून, यंत्राने उपटून काढले होते. पाना कमरेला असलेल्या सुताराला यंत्राची गरज नव्हती. 

त्यांनी ऑपरेटरला बोटाने बोलावलं.

"किल्ली तुझ्या खिशात होती ना? मग पोकलेन चालवून टेकू तूच उपटलेस."

ऑपरेटरने लगेच सगळं ओकून टाकलं. किल्ली खिशात नव्हती. ती रोज सीटखाली असते, साऱ्या साइटला ठाऊक आहे. खाली उतरताना किल्ली सोबत न्यायची असा नियम, पकडलं तर परवाना जायचा, म्हणून थाप मारली. शेडमधून आपण हललो नाही, हवं तर कोणालाही विचारा. आणि हो, सुट्टीला जाताना यंत्र कचेरीजवळ उभं केलं होतं, परत आलो तेव्हा ते चराच्या काठाशी होतं. पत्त्यांच्या गलक्यात त्याचा आवाज कोणी ऐकला नाही, आणि नंतरच्या आरडाओरडीत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. आपल्या आलं, पण आपण तोंड शिवून बसलो.

बाईंनी गड्यांना विचारलं. ऑपरेटर खरं बोलत होता. पत्त्यांत हरल्यामुळे तो उठायलाच तयार नव्हता.

सुताराला किंवा फिटरला यंत्र चालवता येतं का, असंही त्यांनी विचारलं. त्यावर त्या दिवसात पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. सुताराला म्हणे सायकलसुद्धा जमत नाही, आणि फिटरने यंत्राला कधी हात लावलेला नाही.

मग राहिलं कोण? त्या कचेरीत आल्या. मुकादम बाहेर होता. त्याच्या खुर्चीत बसून त्यांनी खिडकीतून पाहिलं. समोर चरातून काढलेल्या मातीचा ढीग होता, माणसाहून उंच. त्यापलीकडचा चर दिसत नव्हता. सुतार दिसणं तर लांबच.

मुकादम त्याबद्दल खोटं बोलला होता. आता शिडीबद्दलही तो खोटं बोललाय हे हाती आलं की झालं, असा हिशेब करून बाईंनी अग्निशमनच्या प्रमुखाला मधली माती उकरायला सांगितलं.

४

दुपारभर उकरणं चाललं. आधी नवे टेकू बसले, वरून खाली, मग माणसं उतरली. दोरीच्या आत बाई आणि अग्निशमनवाले, बाकी कोणी नाही. मधल्या भागातून फिटरचं फावडं निघालं. पाइपखालचा वाळूचा बिछाना सारखा करायचा राहिला होता, तो करायला तो इतरांच्या आधी परतला असावा. मधे शिडी नव्हती.

ती निघाली टोकाला. रस्त्याच्या बाजूला, घसरून आलेल्या मातीखाली पुरती बुडालेली, फळ्यांना टेकून तशीच उभी.

मुकादम म्हणाला होता तिथेच.

बाई काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांना आपल्या हुशारीचा मनस्वी राग आला. ऑपरेटर, गडी, सुतार, सगळे चुकले होते, आणि ज्याला त्या खोटा ठरवायला निघाल्या होत्या तोच एकटा बरोबर निघाला होता. त्यांनी चहा मागवला, घोटभर घेतला. बिनसाखरेचा होता. तो तसाच पीत असताना त्यांच्या डोक्यात उलटा विचार आला, आणि कप खाली ठेवून त्या तडक सुताराकडे गेल्या.

"टेकू नाहीत हे फिटरला वरून दिसलं असेल. शिकलेला फिटर, आंधळा नव्हे. तरी तो उतरला कसा?"

सुताराने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. इथे आमची एक पद्धत आहे, तो म्हणाला. कधी पाइप उतरवायला मधले टेकू काढावे लागतात. कधी माती चांगली असली की थोडा वेळ चालतं. ते खालच्याने ठरवायचं नाही, मी ठरवायचं. चर उतरण्याजोगा नसला की मी शिडी वर ओढून जमिनीवर आडवी टाकतो. शिडी आडवी, तर कोणी उतरत नाही, साहेब आला तरी नाही. शिडी उभी, म्हणजे मी तपासलंय.

त्याचा आवाज फाटला. "माझ्या भरवशावर उतरला तो."

बाईंना आता सगळं कळलं होतं. फक्त हे कळणं त्यांना गोड लागलं नाही.

५

मुकादमाच्या खोलीत त्यांनी दार लोटून घेतलं. शिडी सापडल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्यांनी ते सांगितलं.

"टोकाला होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात तशीच."

मुकादमाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. "मग? मी काय खोटं सांगतो?"

"तेच तर. सुट्टी झाली तेव्हा शिडी मधे होती, सगळे तिच्यावरूनच वर आले. भिंत पडली तेव्हा ती टोकाला होती, आणि पडल्या क्षणी मातीखाली गेली. तिची जागा बदलली ती फक्त सुट्टीत. टोकाला उभी असलेली शिडी या जगात दोनच माणसांना पाहता आली असती. एक, तिच्यावरून उतरला तो. तो सांगायला उरला नाही. दुसरा, ज्याने ती हलवली तो. आणि तुम्ही तर म्हणे पाऊलही टाकलं नव्हतं."



सुतारावर आणखी एक दोष चढवायला मुकादम गेला होता, आणि तिथेच फसला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या चांदण्यात शिडी स्पष्ट दिसत होती.

यंत्र चालवता येतं का, असं त्यांनी विचारलं. तो हळूच म्हणाला की मुकादम व्हायच्या आधी आपण ऑपरेटरच होतो. मग एकेक करून बाकीचं आलं. सकाळी त्याने सुताराला मधले टेकू काढायला सांगितलं होतं. सुतार म्हणाला, माती ओली आहे, आज नाही. साहेब तर पाइप आज खाली दिसलाच पाहिजे म्हणून डोक्यावर बसलेला. सुट्टीत चरात कोणी नाही, दोन घटकांत टेकू उपटू, पाइप उतरवू, टेकू परत घालू, कोणाला पत्ताही लागणार नाही. साखळीला शिडी आडवी येत होती म्हणून ती टोकाला नेऊन ठेवली. तेवढ्यात साहेबाचा फोन आला, गाडी उतरवून घे. सगळं तसंच टाकून मुकादम फाटकाकडे निघाला, आणि तो निम्म्या वाटेत असताना मागे फिटर उतरला आणि भिंत पडली.

"तुम्ही या पद्धतीने किती वर्षं काम केलंत?" बाईंनी विचारलं. "शिडी उभी दिसली की काय समजायचं, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला ती शिडी वाटलीच नाही हो," मुकादम म्हणाला. "अडगळ वाटली. आडवी टाकायला अर्धा क्षणसुद्धा लागला नसता." आता तो खरा रडत होता, आणि पंखा अजून बाईंच्या खुर्चीकडेच वळलेला होता.

पुढचं पोलिसांचं काम होतं. साहेबाच्या घाईचीही त्यांनी जबानीत ठळक नोंद करायला लावली. कुंपणाने शेत खाल्लं की पाटलालाही जाब विचारावा, असं त्यांचं मत होतं.

६

सुताराचं घर दोन खोल्यांचं. संध्याकाळी बाई गेल्या तेव्हा तो बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाहुण्यासारखा. बायको, म्हणजे फिटरची बहीण, आतल्या दारात. एक पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवलेली होती, आणि ती कोणाची हे विचारायची गरज नव्हती.

बाईंनी आढेवेढे न घेता सांगितलं. टेकू मुकादमाने उपटले. तुमच्या नवऱ्याने नाही.

बहिणीने दाराला टेकून डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले ते नवऱ्याकडे वळले.

"मग मी काढले असं का म्हणालात?"

  बाईंना खरं तर निघायचं होतं, पण हे उत्तर त्यांनाही हवं होतं. दिवसभर एवढी एकच गाठ सुटली नव्हती.

"मला वाटलं, त्यानेच काढले," सुतार म्हणाला. "नेहमी म्हणायचा ना, तुमचे टेकू मधे येतात. वाटलं, घाईत काढले असतील. तुझ्या भावाने आपल्या हाताने मरण ओढवून घेतलं, हे तू ऐकण्यापेक्षा..." त्याने हात पालथे केले. "तू माझ्यावर चिडलीस तरी चालेल, असं वाटलं. त्याच्या पोरांनी तरी बापाला मूर्ख म्हणू नये."

बाईंना वाटलं, आता बायको त्याच्या गळ्यात पडेल. इतका भला नवरा! नेमकं इथेच त्यांचं चुकलं.

"म्हणजे तुम्ही त्याला इतका बेअक्कल समजलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमच्या हाताखाली शिकला तो. तुम्ही नको म्हटलेलं त्याने कधी केलं होतं?"

"नाही."

"मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्ही त्याच्यावर घेतलात. आपल्या तिघांत शेवटपर्यंत ज्याने कोणावर संशय घेतला नाही, तो मेला."

  संशय हाच ज्यांचा पोटाचा धंदा, त्या बाई पायांतल्या चपलांकडे बघत उभ्या राहिल्या.

मग बहिणीने पिशवी उचलली. सुतार उठून उभा राहिला, पण तिला अडवण्याचं धैर्य त्याला झालं नाही.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "हे त्याचे कपडे आहेत, भावजयीकडे पोचवायचे. चला."

"मी?"

"तुम्हीच. मुकादमाचं मी सांगते. तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटलं होतं, ते तिला तुम्ही सांगायचं. आणि ती बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं. मग आपण दोघं घरी येऊ."

सुताराने तिच्या हातातून पिशवी घेतली. बाईंनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.